थंड स्क्रीनवरची रेघ

...गव्हाच्या दाण्याएवढा तो दिवा मॉनिटरच्या खालच्या कडेला उघडझाप करत होता आणि यमनाप्पा त्याच्याकडे बघत नुसता बसून राहिला होता. पांढरा, विझला, पुन्हा पांढरा. बटण दाबलं की स्क्रीन लागणार, एवढंच तर करायचं होतं. पण बोट पुढं जाईना. चाळीस वर्षं या बोटांनी तुटलेल्या तारा सांधल्या, अंधारातही गाठ मारून दाखवली असती त्यांनी, आणि आज एका बटणाला ती भ्यायली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा किशन आणि सून रचना सकाळी आठलाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. शेजारी शामूचे माग चालू होते, त्यांच्या खडखडाटानं बशीतला चमचा बारीक थरथरत होता. विणकरांच्या या वडगावात त्या आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही. बंद पडला तरच माणसं दचकतात.

सकाळी आपण काय बोललो? काही नाही, एकच शब्द. पण तो परत घेता येईल का, हे बघायला तर आपण इथं बसलोय... की तो खरा होता हे बघायला?

सात महिन्यांनी आज किशन कॉम्प्युटरपुढं बसला होता. सात महिन्यांपूर्वी मच्छे गावातल्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, लोखंडाचा कण उडून त्याच्या डाव्या डोळ्यात शिरला आणि तो डोळा गेला. डोळा जागेवर आहे, दिसायला फारसा वाईटही दिसत नाही, पण त्यात उजेड नाही. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की कधी कधी गेलेल्या डोळ्याचं दुखणं चांगल्या डोळ्यावर उतरतं. डाग दिसो, धूर दिसो, रेघ दिसो, असाल तसे निघून या. त्यामुळं पोरगं सात महिने भिंतीकडे, ताटाकडे, आभाळाकडे एक डोळा लावून तपासत बसायचं. आज मात्र पहाटे उठून अंघोळ करून आला, मॉनिटरवरची चादर काढली, मागाला लावतात तशी त्याला उदबत्ती लावली आणि म्हणाला, पुन्हा डिझाईनचं काम धरतो. रचना पाणी भरता भरता पदरानं डोळे पुसत होती. यमनाप्पालाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगा. हातातला चहा संपायच्या आत हाक आली.

“आप्पा, हितं या जरा. ही उभी रेघ दिसतीया का तुम्हाला?”

रेघ होती. उजव्या अंगाला, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी काळी. ती शोधावी लागली नाही. कापडाचा गठ्ठा उलगडावा आणि हजार तारांतली न आलेली तार आधी डोळ्यात भरावी, तशी ती भरली. विणकराचा डोळा चांगल्याकडे जातच नाही, चुकीकडे जातो... आणि मी म्हणालो –

“न्हाय रं. कुठली रेघ?”

किशननं वळून बापाकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. तळहातानं चांगला डोळा झाकला, उघडला, पुन्हा झाकला. रचनाला हाक मारली. ती सगळं पाणी भरून, हात पुसून आत येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, आणि तोवर रेघ आपोआप नाहीशी झाली होती. तिनं वाकून बघितलं आणि खरं तेच सांगितलं, की स्क्रीन स्वच्छ आहे. किशनचा चेहरा चुन्यासारखा झाला. आत्ता नाही, पण होती, एवढंच तो म्हणाला. चार डोळ्यांनी नाही म्हटल्यावर एका डोळ्याचा माणूस स्क्रीनवर संशय घेईल कसा? तो स्वतःवरच घेणार. पायात चपला अडकवून दोघं निघून गेले आणि उदबत्ती तशीच जळत राहिली.

खोटं बोललो असं तरी कसं म्हणू... ठरवून कुठं बोललो? तोंडातून आलं. पण तोंडाला तो शब्द दीड वर्षापासून पाठ होता, हे यमनाप्पाला ठाऊक होतं. इतर कुणाला नव्हतं.

हा मॉनिटर किशननं खासबागच्या सौरवकडून घेतला होता, जुना. सौरव त्यावर खेळ खेळायचा. मागच्या बाजूला अजूनही लाल दिवे लागतात, जत्रेतल्या पाळण्यासारखे. यमनाप्पानं तेव्हाच नाक मुरडलं होतं. आपल्या वेळी आलेख कागदावर चौकट न् चौकट रंगवून साडीचा काठ काढायचा, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, तो पुठ्ठा मागावर चढवायचा. किशन म्हणाला, या स्क्रीनवर ठिपके इतके बारीक आहेत की अख्ख्या काठाची एकेक तार एकदम दिसते, मोठं करून बघायला नको. एक ठिपका, एक तार. हे मात्र यमनाप्पाला पटलं, आणि पटलं म्हणूनच घात झाला.

निपाणीच्या बाबगोंडा आण्णांची लग्नाच्या साड्यांची ऑर्डर होती, समोरासमोर राघूंचा काठ. एका सकाळी किशननं अशीच हाक मारली होती. राघूच्या डोळ्यातून एक काळी रेघ सरळ खाली गेलेली. किशन म्हणत होता, ही स्क्रीनची रेघ असावी, थंड असली की येते, तापल्यावर जाते. हेल्पलाइनवाल्यानं तपासायच्या पायऱ्या सांगितल्यात, दोन झाल्यात, तिसरी करतो आणि मग बघू. आणि यमनाप्पा हसला होता. आजही ते हसणं त्याला ऐकू येत होतं. चाळीस वर्षं तार बघतोय मी, मला सांगतोस? तार सुटली आहे, भर ती. किशननं मान घालून ती रेघ वरपासून खालपर्यंत ठिपक्या-ठिपक्यानं भरली. या घरात बापाच्या डोळ्यावर अपील नव्हतं.

पुढचं सगळं ओळीनं झालं. साडी मागावर पालथी विणतात, वरून दिसते ती उलटी बाजू, त्यामुळं विणताना चूक कुणाच्या लक्षात आली नाही. यमनाप्पा तेव्हा चिकोडीला, बहिणीच्या, अक्काताईच्या घरी मयताला गेला होता, तो दहाव्यापर्यंत राहिला. परत आला तेव्हा साठ साड्या घडी होऊन बसल्या होत्या. बाबगोंडा आण्णांनी पहिली साडी उजेडात धरली, काठावरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, “यमनाप्पा, राघू आंधळं झाल्यात की हो.”

जिथं काहीच सुटलं नव्हतं तिथं भरलेली जाड रेघ काठभर गेली होती आणि तिनं प्रत्येक राघूचा डोळा बुजवला होता. सगळ्यांनी यमनाप्पाकडे बघितलं. त्याला बोलायला एक क्षण मिळाला होता, पुरेसा मोठा. आणि तो म्हणाला, पोरानं केलं, कामावर लक्ष नाही, दिवसभर त्या खेळाच्या डबड्यापुढं बसतंय. किशन तिथंच होता, घड्या मोडत होता. त्यानं वर बघितलं नाही. गल्लीभर बोभाटा झाला, काम हातचं गेलं, आणि महिन्याच्या आत तो मच्छ्याला फौंड्रीत लागला. पोरगं तेव्हा भांडलं असतं तर बरं झालं असतं... भांडलं का नाही? बहुतेक त्याला खरंच वाटलं की आप्पांचा डोळा चुकणार नाही, तार होतीच, आपणच ती वाकडी भरली.

आणि आज सकाळी ‘दिसती’ म्हटलं असतं तर? तर दीड वर्षापूर्वीही ती स्क्रीनचीच होती. मग साठ साड्या माझ्या. फौंड्री माझी. तो डोळा...

यमनाप्पानं मांडीवरची वही उघडली. जुनी आलेखाची वही, मागच्या पानावर किशनचं अक्षर. वायर बदलून बघणे, पुढं बरोबरची खूण, रेघ आहे. स्क्रीनचं सेटिंग कमी करून बघणे, पुढं खूण, रेघ आहे. तिसरी ओळ होती: कॉम्प्युटरची वायर काढून नुसता मॉनिटर चालू करणे, त्याचा स्वतःचा निरोप येईल, त्यातही रेघ असेल तर दोष मॉनिटरचाच. त्यापुढं खूण नव्हती. तिथंच आपण हसलो असणार. खूण करायला उचललेलं पेन पोरानं खाली ठेवलं असणार आणि माउस हातात घेतला असणार, भरायला.

मागून वायर काढायला वेळ लागला. तिचं टोक घट्ट बसलं होतं. मग एकदाचं बटण दाबलं. मागचे लाल दिवे लागले, स्क्रीन काळीची करडी झाली आणि मधोमध एक पांढरी चौकट आली, आत इंग्रजी अक्षरं. ती त्याला वाचता येत नव्हती, पण किशन सांगायचा: जोडलेलं काही नाही, असं ते म्हणतं. चौकट हळूहळू सरकू लागली. डावीकडे गेली, वर गेली, मग उजवीकडे यायला लागली. यमनाप्पा श्वास धरून बघत होता. चौकट उजव्या अंगाला पोचली आणि एक काळी रेघ तिला आरपार कापून गेली. चौकट सरकली, पण रेघ जागची हलली नाही. डिझाईन नाही, राघू नाही, तार नाही, समोर कापडच नाही... आणि तरी रेघ होती.

किती वेळ बसला होता कोण जाणे. फोन वाजला तेव्हा तीन वाजले होते.

रचना होती. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता, रडून झाल्यावर होतो तसा. तिनं सांगितलं की डॉक्टरांनी आत सगळं तपासलं, त्यांना काही सापडत नाही. पण रेघ दिसून गेली म्हटल्यावर वाट बघण्यात धोका आहे म्हणतात. गेलेला डोळा काढून टाकला तर दुसरा वाचायची आशा जास्त. उद्या सकाळीच करू म्हणतात, आज सही मागालेत. मग फोन किशननं घेतला.

“आप्पा, मी सही करालोय. मला वाटालतं, स्क्रीनच असंल म्हणून. पण तुमच्या डोळ्याला दिसली न्हाय म्हंजे न्हाईच ती. ही माझ्याच डोळ्यात हाय.”

यमनाप्पानं तोंड उघडलं. समोरची चौकट पुन्हा उजवीकडे सरकत होती.

“सही करू नगंस. घरी ये.”

“का?”

पलीकडे कुणीतरी कन्नडमध्ये कुणाचं तरी नाव पुकारलं. मग किशन अगदी हळू, जवळजवळ लाजत म्हणाला, “आप्पा... सकाळी तुम्ही नीट बघितलासा न्हवं?”

“शामूचं माग चालू हायत रं, काय ऐकू येईना. ये म्हणतोय, तेवढं ऐक,” यमनाप्पा म्हणाला आणि फोन ठेवला. या गल्लीत जन्मापासून माणसं या एका वाक्याआड लपत आलीत. देणेकरी लपले, नवरे लपले, आज बाप लपला. त्याला सगळं ऐकू आलं होतं. शेवटी किशननं श्वास सोडला, तोही.

दवाखान्याकडून बसनं यायला अर्धा-पाऊण तास. यमनाप्पानं स्क्रीनकडे बघितलं. चौकट उजव्या अंगावरून अख्खीच्या अख्खी सरकून गेली. रेघ नव्हती. स्क्रीन तापली होती आणि रेघ गेली होती, किशन म्हणाला होता तशीच. क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. आता कुणी आलं, कुणीही बघितलं, तरी आप्पाच खरे ठरणार होते. नुसतं चालू ठेवायचं, बाकी काही करायचं नाही.

पण त्यानं बटण बंद केलं. प्लगही उपसला. किशनच्या खाटेजवळचा टेबलफॅन आणून मॉनिटरच्या मागं ठेवला आणि जोरात लावला, स्क्रीन लवकर थंड व्हावी म्हणून. पोरगं आलं की दाखवू. शब्दाचं काम नाही, नुसतं बोट ठेवू... छे, बोट ठेवून भागणार नाही. बोलावं लागणार. त्यानं काळ्या स्क्रीनपुढं बसून बोलून बघितलं. “दिसली.” हे निघालं, घोगरं, पण निघालं. “सकाळीबी दिसली हुती.” हे अर्धं निघालं. त्याच्या पुढचं, साठ साड्यांचं, छातीतच बसलं आणि वर येईना.

पंखा घरघरत होता. काळ्या काचेत एक म्हातारा दिसत होता, हात जोडलेला. हात कधी जोडले गेले हे यमनाप्पाला कळलं नव्हतं, आणि ओठ हलत होते हेही आता कळलं. तो काहीतरी मागत होता. त्यानं कान दिला. रेघ येऊ नये, असं तो मागत होता... आता लावल्यावर स्क्रीन स्वच्छ निघावी, मघाचा आपला भास ठरावा.

आणि मग त्याला समजलं की आपण काय मागतोय. रेघ स्क्रीनवर नसेल तर तिला राहायला दुसरी एकच जागा आहे. पोराच्या डोळ्यात ती असू दे, असं मी हात जोडून मागतोय. माझं पोरगं, बसच्या खिडकीशी बसून आत्ता त्याच डोळ्यानं बाहेर बघत असेल, झाडं मोजत असेल, पाट्या वाचून बघत असेल...

यमनाप्पानं हात सोडवले, मांडीखाली दाबून धरले. मागणं थांबवायचा त्यानं प्रयत्न केला. ते थांबेना.