पालो व्हर्दे थिएटरमधली सर्वांत म्हातारी

मेस्कीट वेल्स या वाळवंटातल्या गावात सगळेच वय चोरत. सिनेमातली मंडळी हिवाळ्यात इथे ऊन खायला येत, ती तर त्यातच मुरलेली. फक्त पालो व्हर्दे थिएटरचा कारभार उलटा होता. तिथल्या नाचात पंचावन्नच्या आतल्या बाईला पाऊल टाकता येत नसे. खेळाच्या शेवटी एकेक जण पुढे येऊन नाव आणि वय सांगे, मग पाय डोक्याइतका उंच उडवी. वय जितकं जास्त, तितक्या टाळ्या जास्त.

विनिफ्रेड, म्हणजे सगळ्यांची विनी, एकोणऐंशीची. रांगेत शेवटून दुसरी. सर्वांत शेवटी चौऱ्याऐंशीची इमोजिन. पाच वर्षांपूर्वी विनीचा खुबा बदलला, तेव्हा आता नाच बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विनीने त्यांच्यासमोर इमोजिनचा फोटो आपटला. "ही माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. हिचा पाय कुठे पोचलाय बघा. मग मला काय धाड भरलीय?" त्यानंतर गुडघा कुरकुरला, छातीत धडधडलं, की विनी इमोजिनकडे बघे आणि तिला हुरूप येई.

इमोजिन म्हणजे थिएटरचा चालताबोलता इतिहासच. तीसच्या दशकात इथला पडदा पहिल्यांदा उघडला, त्या रात्री ती नाचली होती म्हणे. पुढे नाच गेला, सिनेमे आले, तेही ओसरले. टाळं लागलं आणि छतावर रंगवलेल्या चांदण्यांखाली कबुतरांनी संसार थाटले. मग लायल नावाच्या व्यवस्थापकाने म्हाताऱ्या नर्तकी जमवून थिएटर पुन्हा उभं केलं. उद्घाटनाच्या रात्रीची शेवटची साक्षीदार म्हणून प्रत्येक जाहिरातीवर इमोजिनच असायची.

त्या शनिवारी दुपारच्या खेळात इमोजिन नेहमीसारखी पुढे आली. "मी इमोजिन, वय वर्षं चौऱ्याऐंशी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली.

"चौऱ्याऐंशी? अगं इमे, मी तुझी थोरली बहीण ऑपल, आणि मी शहात्तरची आहे! मग मी काय तुझ्यामागून पाळण्यात पडले?"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लायलने घाईघाईने पडदा पाडला.

कपडे बदलायच्या खोलीत लायल डोकं धरून बसला होता. "आणि ती उद्घाटनाची रात्र?"

"तेव्हा मी बारा वर्षांची होते, दूर तिकडे ओहायोत," इमोजिन पुटपुटली. "सत्तावन्नची असताना इथे आले, तर तू वर बघितलंसुद्धा नाहीस. सत्तावन्नच्या ढिगाने उभ्या होत्या. पुढच्या महिन्यात केस पांढरे करून एकोणसत्तर सांगितलं, तर तू उठून खुर्ची दिलीस!"

विनी पुढे आली. "म्हणजे बारा वर्षं वाढवलीस? तू बहात्तरची? माझ्याहून सात वर्षांनी लहान?"

"लहान कशी? तूही वाढवलंयस ना? मला वाटलं, सगळ्याच वाढवतात. तू फार तर अडुसष्टची असशील."

"मी एकोणऐंशीचीच आहे, बाई."

इमोजिनच्या हातातला कंगवा खाली पडला. "खरंच? त्या खुब्यावर? अगं, मरशील ना एखाद्या दिवशी!"

"तुझ्याकडे बघूनच नाचत होते मी, भवाने!"

विनी मटकन खाली बसली. तिला राग आला होता, पण रागाहून भीती मोठी होती. पाच वर्षं जिच्या भरवशावर पाय उडवला, ती चौऱ्याऐंशीची बाई कधी नव्हतीच. विनीच्या पुढे कुणीच नव्हतं.

संध्याकाळच्या खेळाची सगळी तिकिटं विकली गेली होती. लायलने इमोजिनला वगळलं आणि शेवटचा मान विनीला दिला. हा मान मिळावा म्हणून तिने किती वर्षं जीव टाकला होता, आणि आता तो नकोसा झाला होता. पडद्याआड इमोजिन अंगावर झगा गुंडाळून उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"विनी, जाईल ना गं पाय वर?"

"मला काय माहीत? आपल्यात या वयाला कुणी उडवून बघितलाय?"

बाहेर तिचं नाव पुकारलं गेलं. विनीने इमोजिनचा हात एकदा घट्ट दाबला आणि ती उजेडात गेली.