फुलपाखरू, ऊ आणि कोरडं कपाट

संग्रहालयात ओल शिरली तेव्हा कोरडं राहिलेलं कपाट एकच, आणि ते मामांच्या फुलपाखरांकडे होतं. त्यांच्या भाचीच्या उवा जिन्याखाली. माणसांच्या नव्हेत, पक्ष्यांच्या पिसांतल्या, काचपट्ट्यांवर बसवलेल्या. पट्ट्यांना बुरशी धरू लागली होती. शुक्रवारपर्यंत कपाटात जागा झाली नाही तर त्या कचऱ्यात जाणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर भाचीची अकरा वर्षं.

संचालकांनी मामांना दोन्हींच्या तुलनेचा तक्ता करायला सांगितलं. मामा निःपक्षपाती मानले जात, कारण त्यांचं मत सगळ्यांना आधीच ठाऊक असे. एका दमात त्यांनी दुर्मीळ फुलपाखराचा रकाना भरला: जगात तीनच नमुने, एकाच टेकडीवर आढळ, रंग पहाटेच्या आभाळाचा. उवेपुढे लिहिलं, 'भरपूर.'

भाची म्हणाली, न बघता नावं ठेवायला घरचे नातेवाईक आहेत की, त्यासाठी संग्रहालय कशाला? मामा जिन्याखाली गेले आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

ऊ मधाच्या रंगाची होती, आरपार. पोटात काळे कण तरंगत होते.

"हे काय गं?"

"पीस. शेवटचं जेवण." भाची हळू आवाजात म्हणाली, "एका समुद्रपक्ष्याच्या काळ्या डोक्यावर जन्मली, तिथेच म्हातारी झाली. पंख नाहीत मामा, पण दोन महासागर ओलांडलेत हिने."

मामांनी डोळा काढला नाही. जिन्यावरची पावलं हळूहळू लाटांसारखी ऐकू येऊ लागली. खाली पाणी, वर आभाळ, मधे एक उबदार डोकं, आणि हजेरीपट कुठेच नाही. दुसरा महासागर अर्धा झाला असेल-नसेल, तोच तक्ता हवा असल्याचा निरोप आला.

मामांनी उवेपुढे 'प्रवास: फार' एवढं वाढवलं. संचालकांनी कपाट फुलपाखरांनाच दिलं. पोस्टरवर ऊ छापता येत नाही, या मुद्द्याला तोड नव्हती.

मग मामांनी कपाट उघडलं. दुर्मीळ फुलपाखराला मान म्हणून अख्खा खण होता. मधोमध ते एकटं, भोवती कोरा पांढरा कागद. वीस वर्षांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता. भाची काचपट्ट्यांचा खोका घेऊन मागे उभी होती. मामांनी चिमट्याने टाचणी अलगद उपटली.

"जरा सरकून घे बाबा," ते फुलपाखराला म्हणाले आणि टाचणी कोपऱ्यात रोवली.