शटर उचलणारी वायपरची मोटर

मित्रांनो, मी एका जुन्या जीपच्या वायपरची मोटर. राजापूरच्या वाटेवर कितीतरी पावसाळे काढले, पण काच पुसण्यापलीकडे जग असतं हे मला ठाऊकच नव्हतं. १९९८ साली जीप भंगारात गेली, आणि तिच्यासोबत मीही.

तिथून मला निहारने उचललं. तो रत्नागिरीच्या एका गॅरेजात कामाला होता. त्याची आई सोनूबाई हिची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली होती. बंदरावर मासे विकणारी खमकी बाई, आणि आता दिवसभर खाटेवर! खाटेसमोर समुद्राकडची खिडकी होती. पूर्वी तिथे दुकान असल्यामुळे तिला लोखंडी गुंडाळतं शटर होतं. ते सोनूबाईला उचलवेना. नवी मोटर परवडणारी नव्हती. मग निहारने सायकलची चेन, ट्रकची जुनी बॅटरी आणि मी, अशी आमची मोट बांधली.

"पाणी पुसणारी ही, लोखंड काय उचलतेय!" शेजारी हसले. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

सोनूबाईने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. मी कण्हले, चेन ताणली गेली, आणि शटर चक्क चढू लागलं! आधी रेघभर उजेड, मग समुद्र. केवढा तो! जन्मभर मी थेंब पुसत आले आणि एवढं पाणी जगात होतं! मी थक्क झाले. सोनूबाई तर रडतच होती. तिचा नवरा दादू सकाळी होडी घेऊन परतायचा. त्या वेळी ती रोज शटर उघडू लागली.

दादूला माझं भारी कौतुक. होडीच्या लाकडाला मुशी माशाचं तेल फासतात. एका संध्याकाळी त्याने मायेने शटरच्या खाचांनाही ते फासलं. वाऱ्याने त्यावर वाळू चिकटली. सकाळी शटर हलेना. मी तापले, जळका वास सुटला. सोनूबाईने अंगठा काढला.

"ऱ्हांवदे बाय, जळशील," असं मला म्हणून ती अंधारात बसून राहिली.

थोड्या वेळाने दादू धापा टाकत दारात आला. मासळी धक्क्यावरच टाकून धावला होता.

"शटर बंद दिसला गो. मना वाटला..."

तेव्हा मला कळलं. ती खिडकीतून होडी शोधायची, आणि तो होडीतून हे शटर वर जाताना बघायचा.

"तुमीच तेल फासलात, होडी समजून!" ती डोळे पुसत हसली. त्याने घासलेटाने खाचा साफ केल्या.

मित्रांनो, यंत्र अडलं तर जोर करू नका, आधी काय अडलंय ते बघा. ते चालू होण्याची वाट कोण, कुठून बघत असेल, हे यंत्रालाही माहीत नसतं.