नावाजलेली तबकडी

हमदमच्या घरात गाण्यांच्या तबकड्या शिरल्या त्या लांबच्या नातेवाइकांसारख्या, चार दिवसांसाठी म्हणून. उझबेकिस्तानातलं मार्गिलान सोडून जाणारा शेजारी आपला गठ्ठा त्याच्या दारात ठेवून जाई आणि नाही म्हणणं हमदमला जन्मात जमलं नाही. आधी कपाट भरलं, मग पलंगाखालची जागा, शेवटी पलंगच बाहेर गेला. आता त्या खोलीत अंग चोरून शिरावं लागे.

"रविवारी विहीणबाई पाळणा घेऊन येताहेत, वाजतगाजत," त्याची बायको मुकर्रम म्हणाली. "ठेवायचा कुठे? माझ्या डोक्यावर?"

नातवाचा पाळणा सुनेच्या माहेरून येतो, पण त्याची जागा मुलाच्या घरच्यांनी करायची असते. ती नसली तर विहीणबाई जन्मभर ऐकवतील, हे हमदमलाही कळत होतं. पण विकायला नेलेला गठ्ठा तो बाजारातून तसाच परत आणी आणि फेकायला हात धजत नसे.

तोड मुकर्रमनेच काढली. पाहुण्याने घरातली वस्तू नावाजली की ती त्याला देऊन टाकायची, मागेपुढे बघायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. "शुक्रवारी तुमच्या दोस्तांना पुलावाला बोलवाच. गाणी लावा. ते वाहवा करतील, तुम्ही देत सुटा."

रोट्या भाजणारा एर्गाश आला, न्हावी सोबीर आला. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली दोघे पोटभर जेवले, कमरेचे पट्टे सैल केले. हमदमने जड मनाने पहिली तबकडी लावली.

"खरखरते," एर्गाश म्हणाला.

"बाईला सर्दी झालीय," सोबीर म्हणाला.

दुसरी लावली. ती पहिलीपेक्षा वाईट ठरली. तिसरीला तर सोबीरने कानात बोट घातलं, पण त्याचा पाय मात्र ठेका धरून होता. दर शुक्रवारी याच गाण्यांना माना डोलावणारी ही माणसं! हमदमचा चेहरा पडला.

मुकर्रम चहाची किटली घेऊन तरातरा बाहेर आली. "मेल्यांनो, पुलाव खाताना तोंडं बरी चालली! चांगलं म्हणायलाच जड झालं?"

"वहिनी," एर्गाश खाली बघत म्हणाला, "चांगली म्हटली की त्याला द्यावी लागणार. मित्राच्या घरी जेवून त्यालाच लुटायचं? आम्ही दारातच ठरवलं, आज चांगला शब्द काढायचा नाही."

हमदमला हसू फुटलं आणि डोळेही भरले. मित्र असावेत तर असे, पण आजच्या दिवशी मुळीच असे नसावेत. "अरे गाढवांनो, नावाजा! नातवाचा पाळणा यायचाय."

"बरी आहे," सोबीर पुटपुटला.

"बरी नाही. चांगली म्हण."

"चांगली आहे." दाढ उपटल्यासारखं त्याचं तोंड झालं.

मग गठ्ठे निघाले. एर्गाशची रोट्यांची हातगाडी भरली. "शुक्रवारी आता माझ्याकडे जमायचं," तो दरडावून म्हणाला. "आला नाहीस तर सगळ्या तंदुरात घालीन."

शेवटी उरली फाटक्या पाकिटातली एक. दोन तारांच्या दुताराच्या साथीवर एक बाई अंगाई गात होती. एके ठिकाणी सुई उडे आणि एक शब्द गळून जाई. मुकर्रमने आपली सगळी पोरं याच अंगाईवर निजवली होती, तो शब्द गाळूनच. परवा मुलगाही तान्ह्याला थोपटताना तशीच म्हणत होता. हमदमने ती लावली आणि कुणाकडेही बघितलं नाही.

एर्गाशला एव्हाना नावाजायची सवय झाली होती. "ही तर फारच..."

"सुंदर आहे!" मुकर्रम एवढ्या जोरात म्हणाली की इतक्या गाण्यांनी न उठलेलं बाळ आत रडायला लागलं.

तिघेही तिच्याकडे बघत राहिले. तिने आजवर एकाही तबकडीला बरं म्हटलं नव्हतं.

"वहिनी," सोबीर हसला, "तुम्ही कुठे पाहुण्या?"

"लग्न करून आले त्या दिवशी होते की. यांनी हीच लावली होती. तेव्हा सांगायचं राहून गेलं."

हमदम उठला. त्याने तबकडी जपून पाकिटात घातली आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. मुकर्रमने ती ओढणीने पुसली, रिकाम्या खोलीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवली आणि बाळाला उचललं. अंगणातल्या तिघांना तिची अंगाई ऐकू आली, तो एक शब्द गाळलेली.