एका माणसाचा पास

मँचेस्टर मिरपुडीच्या डबीखाली गेलं होतं आणि दादा ती डबी उचलायला तयार नव्हते.

"मँचेस्टर झालंच पाहिजे," ते म्हणाले. "एवढं ब्रिटनला जायचं आणि फुटबॉलचं मैदान न बघता परत यायचं? लोक हसतील."

"दादा, तुम्ही जन्मात एक तरी मॅच पूर्ण बघितलीय का?" दातवाल्यांनी विचारलं.

"मॅच वेगळी, मैदान वेगळं."

दातवाल्यांनी डोळे मिटून घेतले. जेवणाच्या टेबलावर ब्रिटनचा नकाशा पसरला होता. पंख्याने तो उडू नये म्हणून लंडनवर साखरेचा डबा ठेवला होता, स्कॉटलंडवर दादांच्या चष्म्याचं घर, आणि राहिलेल्या देशावर दादांचे दोन्ही कोपरे. गेले कित्येक रविवार हेच चाललं होतं. दर रविवारी एक शहर वाढायचं, आणि वाढलेलं शहर पुन्हा कमी व्हायचं नाव घ्यायचं नाही.

दातवाल्यांना गल्लीत कोणी नावाने हाक मारत नसे. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांची मापं पाठवत आणि ते घरामागच्या खोलीत बसून कवळ्या घडवत. त्यांची बायको सिस्टर. इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिने सगळी नोकरी काढली, म्हणून ती सगळ्यांची सिस्टर. निवृत्त झाली तरी ते नाव काही निवृत्त झालं नाही. दादा म्हणजे सिस्टरचे थोरले भाऊ. ते एकदा ऑफिसच्या कामासाठी चार दिवस लंडनला जाऊन आले होते. त्यातले दोन दिवस पोट बिघडल्यामुळे हॉटेलच्या खोलीत गेले, पण ही गोष्ट फक्त वहिनींना ठाऊक होती आणि वहिनींनी ती सगळ्यांना सांगितली होती.

मुळात हा बेत सिस्टरचा. निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी विचारलं, आता पुढे काय? तर ही माइकसमोर म्हणाली, "ब्रिटनला जाऊन रेल्वेने फिरायचंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर दातवाल्यांनी विचारलं, "ते खरंच म्हणालीस की आपलं बोलायचं म्हणून?" ती म्हणाली, "खरंच." बरं, म्हटलं. जाऊ. पण हे दादांच्या कानावर गेलं, आणि दोघांची सहल बघता बघता चौघांची झाली.

"मला ते बाथ गाव बघायचंय," वहिनी म्हणाल्या. "पण तिथे चढ आहे म्हणतात. चढ असेल तर नको. खरेदी कुठे असते?"

"खरेदी सगळीकडे असते," दादा म्हणाले. "लिव्हरपूल घ्या. कार्डिफ घ्या. ग्लासगो तर वाटेतच आहे."

"कशाच्या वाटेत?" दातवाल्यांचा आवाज चढला. "कार्डिफ एका टोकाला, ग्लासगो दुसऱ्या टोकाला. शिवाय ग्लासगोत मोठी स्टेशनं दोन. एका स्टेशनावर उतरायचं आणि बॅगा ओढत दुसऱ्यावर जायचं. मध्ये गाडी चुकली तर? पुढचं हॉटेल गेलं, त्याच्या पुढची गाडी गेली, सगळंच कोलमडलं. मी म्हणतो, प्रत्येक ठिकाणी दोन तास हातात ठेवा."

"दोन तास स्टेशनावर बसून काय करायचं?"

"गाडी चुकवायची नाही, हे करायचं."

सिस्टर पपई कापत होती. तिने बिया काढल्या, फोडी केल्या, चौघांपुढे बशा ठेवल्या.

"तू सांग गं," दादा म्हणाले. "लिव्हरपूल घ्यायचं ना?"

"चालेल," सिस्टर म्हणाली.

"आणि यांचे ते दोन-दोन तास?"

"तेही चालेल."

दातवाल्यांना मनातून तिचा राग आला. बेत हिचा, आणि ही अशी बोलते की जणू शेजारच्यांची सहल आहे. आपण इथे गाड्यांच्या वेळा जुळवून डोक्याचा भुगा करून घेतोय, आणि ही पपई कापतेय.

आठवडाभर दादांचे फोन चालू राहिले. दातवाले एखाद्या म्हातारबाबांच्या खालच्या जबड्याचं मेण नीट बसवत असले की नेमका फोन वाजायचा. यॉर्कला भिंत आहे, तिच्यावरून चालता येतं. ठेवला फोन. यॉर्कच्या भिंतीवर कठडा नाही म्हणे, एकाच बाजूला आहे. वहिनी नको म्हणतेय. ठेवला. एडिंबरोच्या किल्ल्यावर लिफ्ट आहे का, ते जरा बघता का? मेण थंड होऊन जायचं. एका बाईंची कवळी दोनदा परत आली, टोचते म्हणून. दातवाल्यांचं काम परत येत नसे. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि ब्रिटनच्या नावाने मनातल्या मनात जे काय म्हणायचं ते म्हटलं.

शेवटी, बस झालं, म्हणून एका सकाळी चौघे ट्रॅव्हल एजन्सीत गेले. काउंटरवरची मुलगी चटपटीत होती. दादांनी खुर्ची पुढे ओढली आणि शहरांची नावं सांगायला सुरुवात केली. मुलगी टाइप करत होती. मध्येच दातवाले "तिथे दोन तास ठेवा" म्हणत, वहिनी "चढ आहे का विचारा" म्हणत. मुलीने बराच वेळ ऐकून घेतलं. मग टाइप करायची थांबली आणि टोकाला बसलेल्या सिस्टरकडे वळली.

"मॅडम, तुम्हाला काय बघायचंय?"

हा प्रश्न इतक्या रविवारांत टेबलावर आलाच नव्हता. आला होता तो लिव्हरपूल घ्यायचं का, एवढाच.

"मला असं काही बघायचं नाहीये," सिस्टर म्हणाली. "मला गाडीत बसायचंय."

दादा हसले. "अगं, गाडीत तर सगळेच बसणार आहोत."

"तसं नाही." सिस्टरने पर्स मांडीवर नीट ठेवली. "तिकडे म्हणे परदेशी माणसांना रेल्वेचा पास मिळतो. कुठल्याही गाडीत बसायचं, कुठेही उतरायचं. तसा पास एका माणसासाठी काढता येतो का?"

"येतो ना," मुलगी म्हणाली.

"एका माणसासाठी म्हणजे? कोणासाठी?" दादांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

वहिनींनी दादांकडे पाहिलं, दादांनी दातवाल्यांकडे, आणि दातवाल्यांना पाहायला कोणी उरलं नाही म्हणून त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरमधल्या बर्फाच्या डोंगराकडे पाहिलं. त्यांचे कान तापले होते. चार माणसांत, एका अनोळखी मुलीसमोर, आपल्या बायकोने आपल्याला असं सहलीतून काढून टाकावं, आणि तेही आवाज न चढवता.

घरी येऊन दातवाल्यांनी बूट काढले, कोपऱ्यात फेकले, मग उचलून जागेवर ठेवले.

"एवढंच होतं तर मला आधी सांगायचं," ते म्हणाले. "मी काय तुला धरून ठेवलं होतं?"

"मलाच माहीत नव्हतं," सिस्टर म्हणाली. "तिने विचारलं तेव्हा कळलं."

"दादांना नाही म्हणून सांगू आपण. दोघंच जाऊ. लिव्हरपूल नको, काही नको. तू म्हणशील तसं."

ती समोरच्या खुर्चीत बसली. पायांवर सूज होती, उभ्याने काढलेल्या वर्षांची. पाय ताणून तिने स्टुलावर ठेवले.

"आमच्या थिएटरला खिडकी नव्हती," ती म्हणाली. "सकाळी आत गेलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळायचं नाही. कोणी उशिरा आलं, त्याची छत्री भिजलेली दिसली, तर कळायचं. डॉक्टरांनी हात पुढे केला की हातात काय द्यायचं, तेवढं बघायचं. मला ते काम आवडायचं, त्याबद्दल काही म्हणणं नाही माझं. पण आता मला नुसतं बाहेर बघायचंय. कोणी हात पुढे न करता."

"मग बघ की. मी कुठे आड येतो?"

"तुम्ही विचारता."

"काय विचारतो?"

"तिकीट आहे ना. बॅगा मोजल्यास ना. पुढचं स्टेशन कोणतं. पाण्याची बाटली कुठेय. आपण बरोबर गाडीत बसलोय ना." ती हे चिडून सांगत नव्हती, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. "आणि तुम्ही विचारलं की मी उत्तर देते. एवढ्या प्रवासांत मला बाहेरचं काही आठवत नाही. तुमचे प्रश्न मात्र सगळे आठवतात."

"नाही विचारणार."

"विचाराल. न विचारता बसलात तर तोंड असं कराल, की मला वाटेल, विचारा बाबा एकदा." ती थोडीशी हसली. "तुमचा दोष नाही त्यात. तुम्ही काळजीने विचारता, मला कळतं. पण मला नाही जमणार आता."

दातवाले उठून मागच्या खोलीत गेले. करण्यासारखं काम नव्हतं, तरी बराच वेळ तिथेच बसले. मग पुढचे काही दिवस घरात भांड्यांचे आवाज होत राहिले आणि माणसांचे कमी झाले. ती एकटी जाणार, परक्या देशात, कुठल्या गाडीत बसेल, कुठे उतरेल, याचा काही ठावठिकाणा नसणार, आणि हिला त्यातच सुख आहे, हे काही त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी तिच्यासाठी निदान पहिल्या दोन दिवसांच्या गाड्या शोधून ठेवल्या. तिने त्या शांतपणे ऐकून घेतल्या. "बरं," म्हणाली. 'बरं' म्हणजे 'चालेल' नव्हे, एवढं त्यांना आता कळायला लागलं होतं.

मग दादा घरी आले. सिस्टर व्हिसाच्या कामाला गेली होती, आणि ते तीच वेळ साधून आले असावेत. खुर्चीत बसले, पाणीही घेतलं नाही.

"सगळ्या नात्यात बोभाटा झालाय," ते म्हणाले. तो कोणी केला हे सांगायची गरज नव्हती. "बायको एकटी परदेशी निघाली आणि नवरा घरी कवळ्या घासतोय. तुमचं घरात काही चालतं की नाही?"

खरं तर गेले आठ दिवस दातवाले स्वतःला अगदी हेच विचारत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दादा, ती माणसांची पोटं उघडताना शेजारी उभी असायची," ते म्हणाले. "तिला गाडी बदलता येईल."

"मी तिच्या काळजीपोटी बोलतोय."

"मीही तेच करत आलोय. तिला त्याचा कंटाळा आलाय. आपल्या दोघांचाही. तुम्ही वहिनींना घेऊन बसची सहल करा. त्यात चढ नसतो. आणि माझं घरात काय चालतं ते माझं मला बघू द्या."

दादा उठले. दारात थांबून म्हणाले, "काही झालं तर मला सांगू नका." दातवाले म्हणाले, "नाही सांगणार." दादा गेल्यावर ते खुर्चीत बसले. तिची बाजू घेतली, आणि घेताना स्वतःच्याच विरुद्ध बोललो, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. सिस्टर परत आल्यावर त्यांनी यातलं अक्षरही तिला सांगितलं नाही.

विमानतळावर ते सोडायला गेले. तिच्याजवळ एकच बॅग होती, तिला स्वतःला उचलता येईल एवढी. पासपोर्ट घेतलास ना, हे त्यांनी तीनदा विचारलं आणि तिने तीनदा, भूल उतरणाऱ्या रुग्णाला सांगावं तसं, "घेतलाय" म्हणून सांगितलं. आत जाताना तिने मागे वळून हात केला. गर्दीत तो त्यांना उशिरा दिसला. त्यांनी हात वर केला तेव्हा ती पुढे गेली होती.

लंडनला पोचल्याचा निरोप आला. नंतर दोन दिवस काहीच नाही. दातवाल्यांनी दिवसातून कितीदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला, ते कोणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्यांदा परत आलेल्या त्या टोचणाऱ्या कवळीवर ते पुन्हा बसले होते, तेव्हा तिचाच फोन आला.

"बोलू का? कामात आहात?"

"नाही, बोल."

"गाडी थांबलीये. बराच वेळ झाला. माइकवरून काहीतरी सांगितलं त्यांनी, पण मला शब्द नीट कळले नाहीत. कोणी उठलं नाही, म्हणजे काही विशेष नसेल."

त्यांनी कवळी खाली ठेवली. "कुठलं स्टेशन?"

"स्टेशन नाहीये. शेत आहे. एक घोडा आहे, अगदी जवळ. त्याच्या अंगावर कोट घातलाय."

"घोड्याला कोट?"

"हो. पट्टे बिट्टे लावून, नीट. निळा आहे." ती थांबली. "उभाच आहे केव्हाचा. शेपटी तेवढी हलवतोय."

पुढची गाडी, रात्रीचं हॉटेल, बॅग कुठे ठेवलीयेस, आपण बरोबर दिशेला चाललोय ना. सगळं त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी ओठ मिटले.

"रंग कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"कोटाचा? सांगितलं ना, निळा."

"घोड्याचा."

"तपकिरी. तोंडावर पांढरं." मग म्हणाली, "तुम्हाला बघायला आवडला असता."

तिने फोन ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही. तिकडे कोणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला, एक लहान मूल काहीतरी गुणगुणत होतं. दातवाल्यांनी फोन जबड्यांच्या साच्यांना टेकवून उभा केला आणि कवळी हातात घेतली. कड अजून घासायची होती. मोटर लावली असती तर काम झटक्यात झालं असतं, पण मोटरचा आवाज फार. त्यांनी खणातून बारीक पॉलिश पेपर काढला आणि हातानेच, अगदी हलक्या हाताने, ते घासत राहिले.