नऊ पावलं खोल

माती आडवी आली की सपाट करायची, एवढी एकच विद्या पलटणीनं मला शिकवली. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूचे बांध बुलडोझरनं फोडून मी रणगाड्यांना वाट काढून दिली. पेन्शनीत निघून निलंग्याकडं गावी आलो, तर लातूर नवा जिल्हा झालेला अन् त्याची सडक निघाली ती नेमकी आमच्या लिंगायतांच्या मसणवट्यातून. ठेकेदारानं डोझरवर बोलावलं. मी व्हय म्हणालो ते एकाच कारणानं. तिथं माझी बायको महानंदा पुरलेली होती, अन् दुसरा कुणी असता तर सरळ तिच्यावरून गेला असता.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता ती गेली. लढाई संपली तरी आमची पलटण सीमेवरच होती. पत्र पोचलं तवा महिना उलटला होता. मल्लिकार्जुनअण्णानं, माझ्या थोरल्या भावानं लिहिलं होतं, रीतीपरमाणं तिच्याच पावलानं मोजून नऊ पावलं खोल खणलं, बसवून, हातात लिंग देऊन माती दिली. सुट्टीत आलो तवा त्यानं लिंबाजवळचा उंच ढीग दाखवला. दहा वर्षं मी त्या ढिगावर विभूती वाहिली, बोललो, लई रडलो.

मुकादमाच्या हातापाया पडून मी सडक चार हात सरकवून घेतली. ढिगाला वळसा घालून सकाळपासून पलीकडची सपाट जागा खरडत, माती भरावात ढकलत सुटलो. दुपारी पात्यापुढच्या मातीत पांढरं दिसलं. उतरलो. बोटांच्या हाडांत काळं लिंग होतं, अन् एक पितळी बटण.

बटण माझ्या वर्दीचं. तिनं हट्टानं मागून घेऊन गळ्यातल्या लिंगाच्या शिवदोऱ्यात ओवलं होतं. महादेवाला फौजेत भरती केलंस का, म्हणून मीच तिला चिडवलं होतं.

अण्णाला शेतातून बोलावून घेतलं. बटण त्यानं हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"कमरेइतकंच खणलं रं, शरणप्पा. भुई दगड झालती, आमच्या हातात जीव नव्हता. त्या महिन्यात चौदा माणसं पुरली. पुढं जागा मलाच गवसंना."

"मग तो ढीग?"

"तुला रडायला जागा पायजे होती."

त्याच्यावर चिडायलाही जोर उरला न्हाई. बाकीची महानंदा सकाळीच मी भरावात ढकलली होती, कुठल्या खेपेत ते देवालाही ठाव नसंल.

मुकादमाला सांगितलं, सडक सरळच काढा. तो ढीग मीच सपाट केला. आत नुसती खडी निघाली, बहात्तर सालची.