समुद्राकडून दिसणारी मशीद

फिजिओथेरपीच्या अक्षता मॅडमनी बाबाला सफरचंद रंगवायला दिलं, तेव्हा बाबा म्हणाला, मी सफरचंद खात नाय, रंगवू कशाला. मॅडमनी पान उलटून मासा दाखवला. मासा हसत होता. बाबाने आयुष्यभर मासे पकडलेत आणि त्यातला एकही हसलेला नाही, त्यामुळे ते पुस्तक तिथेच मिटलं.

बाबा म्हणजे चंदर तांडेल. खारदांड्यातल्या आमच्या बोटीचं सुकाणू त्याच्या हातात असायचं. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय परत आले, जीभ अर्धी परत आली, उजवा हात मात्र सुट्टीवरच राहिला. रंगकामाने बोटं सुटतील, असं मॅडमचं म्हणणं. मी ऑइल पेस्टलची पेटी आणि रंगीत पेन्सिलींचा डबा आणला. डब्यावर लिहिलं होतं, वय तीन वर्षे आणि पुढे. बाबा त्यात बसत होता. तरी दोन्ही टीव्हीच्या मागे धूळ खात पडले.

ते बाहेर निघाले मशिदीमुळे.

बंदरावरची मशीद आमच्या दारातून दिसते. समुद्राकडची भिंत पांढरीफटक, घुमटाला हिरवा काठ. ट्रस्टचे अध्यक्ष इस्माईलचाचा आईकडे पापलेट घ्यायला आले तेव्हा बोलून गेले की पांढरा रंग खाऱ्या हवेत टिकत नाही, म्हणून ती भिंत आता राखाडी करायची. शुक्रवारी नमाजानंतर नक्की करू. आईने, म्हणजे शेवंतीने, पापलेट कापता कापता ही बातमी घरात पोचवली. आईला त्यासाठी उठावं लागत नाही. तिचा आवाज पुरतो.

बाबा ताडकन उभा राहिला. मॅडमनी पाहिलं असतं तर पुढचा महिनाभर बोलावलंच नसतं.

राखाडी म्हणजे ढगाळ सकाळचं आभाळ. आमच्या बंदराच्या तोंडाशी दोन्हीकडे खडक आहेत. बाहेरून येताना मशिदीचा मिनार आणि त्याच्या मागे गावातल्या देवळाची पताका एका रेषेत धरायची. मिनाराने पताका झाकली की बोट वाटेवर. पताका कुठल्याही बाजूने डोकावली की समजायचं, खडक जवळ आला. पण त्याआधी आभाळापासून मशीद वेगळी दिसायला हवी.

मी समजावलं की बोट आता माझा चुलतभाऊ परेश चालवतो आणि त्याच्याकडे जीपीएस आहे. बाबाने विचारलं, चार्जिंग संपलं तर? मी म्हटलं, पॉवर बँक आहे. ती संपली तर? मशिदीला चार्जिंग लागत नाही, हे मान्य करावंच लागतं.

बाबा चाचांकडे बोलायला गेला. झटक्यापासून त्याचं वाक्य मध्येच थांबतं, आणि समोरचा माणूस मायेने ते भलतंच पूर्ण करतो. चाचांनी सगळी वाक्यं पूर्ण केली, औषधं वेळेवर घेतोस ना विचारलं, चहा पाजला आणि घरी पाठवलं. घरी येऊन बाबाने टीव्हीच्या मागे हात घातला.

पेस्टल जाड, मुठीत मावतो, म्हणून सुरुवात समुद्रापासून. समुद्रात अख्खा निळा बुडाला. आभाळाला त्याने मुद्दाम राखाडी फासला. मग आली मशीद. पांढऱ्या कागदावर पांढरी मशीद काढायची कशी? पांढरा पेस्टल कितीही घासला तरी कागद तसाच. मी सुचवलं, थोडी पिवळट करू. बाबाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला आत गेलो.

शेवटी त्याने मशीद काढलीच नाही. तिच्या भोवतालचं सगळं रंगवत गेला. आभाळ, माड, वाळत घातलेले बोंबील, आमचं पत्र्याचं छप्पर. मध्ये जी जागा उरली ती मशीद झाली. घुमटाचा हिरवा काठ त्याने अंगठ्याने पुसून गोल केला. उजव्या अंगठ्याने. आईने ते पाहिलं आणि उगीचच कोलंबीच्या पातेल्यावर ओरडली.

मिनाराला पेन्सिल हवी होती, आणि पेन्सिल बोटांत राहीना. आईने तिला जाळ्याचा दोरा गुंडाळून जाड केली. मी पट्टी दिली, बाबाने त्या पट्टीने पाठ खाजवली. मिनार हातानेच गेला, खालून वर, एका दमात. जवळजवळ सरळ.

तिथे थांबायला हवं होतं. पण नारळी पौर्णिमेच्या आधी दर वर्षी बाबा बोट रंगवायचा, आणि पाण्याखाली जाणाऱ्या भागाला लाल रंगाचा पट्टा मारला की काम संपायचं. त्याशिवाय संपायचंच नाही. त्याने मशिदीच्या पायालाही लाल पट्टा ओढला. मध्ये हात थरथरला आणि पट्ट्याने एक उडी मारली.

"अवो, मशीद पाण्यात सोडायची हाय काय?" आईने विचारलं.

बाबा म्हणाला, भरतीचा काय भरवसा.

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही तिघं चित्र घेऊन गेलो. चाचांनी चष्मा लावला.

"चंदर, ही कुठली मशीद?"

"तुमची."

"मग दरवाजा कुठाय?"

"मागे."

"मागे नाही रे. दरवाजा पुढे असतो."

"तुमचा पुढे. आमचा मागे."

चाचांनी चित्र हातभर लांब धरलं. जन्म दांड्यातला, पण ते समुद्रात एकदाच गेले होते आणि तेव्हाही बादलीतून मान वर काढली नव्हती. आपली मशीद पाण्यावरून कशी दिसते, हे ते पहिल्यांदाच बघत होते. बराच वेळ बघितल्यावर हळूच म्हणाले, फार सुंदर दिसते.

"पण मिनाराच्या मागे तुमचं देऊळ असतं ना? ते विसरलास."

बाबाने वाक्य सुरू केलं. ते थांबलं. चाचा पूर्ण करायला पुढे झाले, तर आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मासळी बाजारात या नजरेने भाव ठरतात. चाचा थांबले. बाबाने लागेल तेवढा वेळ घेतला.

"देऊळ हाय तिथेच. मिनाराच्या मागे. दिसलं, तर बोट खडकावर."

चाचांनी चित्रातल्या राखाडी आभाळावर बोट ठेवलं. ते बोट सरकवत पांढऱ्या भिंतीवर आणलं, पुन्हा आभाळावर नेलं. मग विचारलं, हे पेंटरला नमुना म्हणून देऊ का?

पेंटरने काम चोख केलं. भिंत पांढरी, काठ हिरवा, पायाला लाल पट्टा. ट्रस्टमध्ये कुणीतरी विचारलं की पट्टा कशाला. चाचांनी सांगितलं की नमुन्यात आहे, आणि ओल काय खालूनच चढते.

मग एका ढगाळ सकाळी परेशने बाबाला बोटीत घेतलं, मलाही. परतताना बाबाने परेशला बाजूला सरकवलं आणि सुकाणू धरलं. राखाडीतून पांढरी मशीद वर आली. मिनाराने पताका झाकली. हात थरथरत होता, बोट नाही. मी फोनवर जीपीएस बघत होतो. तोही बरोबर म्हणाला, जरा उशिरा.

भिंत जवळ आल्यावर मला दिसलं की लाल पट्ट्याने मध्येच उडी मारलीय. पेंटरने नमुना थरथरीसकट उतरवला होता. चाचा धक्क्यावर उभे होते. ओशाळून म्हणाले, उद्या सरळ करून घेतो.

"राहू दे," बाबा म्हणाला. हे वाक्य मात्र त्याने एका दमात पूर्ण केलं.

नंतर कळलं की उडीच्या बरोबर समोर पाणी खोल आहे. आता दांड्यातले बोटी हाकणारे तांडेल एकमेकांना सांगतात, चंदरच्या उडीला नांगर टाक. आई गिऱ्हाइकांना सांगते की ही भिंत आमच्या ह्यांनी रंगवली, आणि पेंटरचं नाव घेत नाही. मी मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा लगेच मेसेज आला, खूप छान प्रगती, आता सफरचंद घेऊया.